सनद आणि शील

वकिलीच्या धंद्यात शीलवान माणसेच यावीत, याविषयी दोन मते असण्याचे कारण नाही. वैद्याच्या हाती आपण देह सोपवितो. वकिलाच्या हाती जमीनजुमला, अब्रू, नातीगोती आणि प्रसंगी प्राणही सोपवितो. प्रस्तुत लेखक ज्या राहुरी गावी राहतो, तेथील न्यायालयाच्या आवारात सकाळी घटकाभर उभे राहिले म्हणजे या गोष्टीची साक्ष पटते. मुळा धरणाच्या कालव्याखालची जमीन, बांधावरून पेटलेली भाऊबंदकी, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून झालेली मारामारी, नांदवीत नाहीत म्हणून माहेरी परतलेली लेक, असली प्रकरणे घेऊन खेड्यापाड्यांतून माणसे येतात, पिशवीतून सातबाराचे उतारे काढतात आणि वकीलपत्रावर सही करून मोकळी होतात. त्या कागदावर काय लिहिले आहे हे बहुतेकांनी वाचलेले नसते, आणि वाचले तरी ते उमगलेले नसते. समोर बसलेल्या माणसावर भरवसा ठेवून ती सही झालेली असते. तो माणूस लबाड निघाला, तर कुंपणानेच शेत खाल्ले असे होते. तेव्हा वकील शीलवान असावा की नसावा, हा वादाचा विषयच नव्हे. शील ओळखावयाचे कसे, ते ओळखावयाचे कोणी, आणि ओळखावयाचे केव्हा, हे खरे वादाचे प्रश्न होत. आणि या तिन्ही प्रश्नांना सांप्रत जी उत्तरे दिली जात आहेत ती चुकीची आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विषय निघण्यास कारण असे झाले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २४ सप्टेंबर २०२४ रोजी देशातील कायद्याच्या महाविद्यालयांना एक परिपत्रक धाडले. विद्यार्थ्यांच्या गुन्हेगारी पूर्वेतिहासाची तपासणी करावी, असे त्यात फर्माविले आहे. आपल्यावर एखादी फिर्याद दाखल आहे काय, खटला चालू आहे काय, शिक्षा झाली आहे काय, इतकेच नव्हे तर एखाद्या खटल्यातून आपण निर्दोष सुटलो आहो काय, हेही प्रत्येक विद्यार्थ्याने लिहून द्यावयाचे. असे काही आढळल्यास महाविद्यालयाने ते कौन्सिलास कळवावयाचे, आणि शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका व पदवी देण्यापूर्वी कौन्सिलाच्या निर्णयाची वाट पाहावयाची. त्याच परिपत्रकात बायोमेट्रिक हजेरीचा व कॅमेऱ्यांचाही उल्लेख आहे. पण त्या गोष्टी तूर्त बाजूस ठेवू. हे परिपत्रक वाचून पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांनी माना डोलाविल्या. 'वकिलीत गुंड शिरले आहेत, त्यांना दारातच अडविले पाहिजे', असे उद्गार आम्ही आमच्या ओळखीच्या अनेकांच्या तोंडून ऐकले. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु हेतू चांगला असला म्हणजे उपाय चांगला ठरतो असे नव्हे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टात १९७३ सालच्या दुरुस्तीने '२४-अ' हे कलम घालण्यात आले. नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल ज्याला शिक्षा झाली आहे, किंवा असल्याच आरोपावरून ज्याला सरकारी नोकरीतून काढून टाकण्यात आले आहे, अशा माणसास सनद देऊ नये, असे ते कलम सांगते. यांच्या जोडीला त्याने एक कायदा नावाने घेतला आहे, आणि तो म्हणजे अस्पृश्यतेच्या अपराधांविषयीचा १९५५ चा कायदा. चोरी, लाच, विश्वासघात हे सारे 'नैतिक अधःपतन' या एका मोघम शब्दात गुंडाळणाऱ्या कायदेकर्त्यांनी माणसाला माणूस म्हणून न वागविण्याचा गुन्हा मात्र निराळा काढून सांगितला, ही गोष्ट महाराष्ट्राने तरी अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. पण याच कलमाचा पुढील भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. शिक्षा भोगून सुटल्यावर किंवा नोकरीतून काढल्यावर दोन वर्षे लोटली की ही अपात्रता संपुष्टात येते. शिवाय, ज्याला दोषी ठरवूनही न्यायालयाने १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सुधारण्याची संधी दिली आहे, त्याला हे कलम लागूच होत नाही.

आता या दोहोंची तुलना वाचकांनीच करावी. संसदेने केलेला कायदा म्हणतो की, सिद्ध झालेल्या अपराधाचा डागही दोन वर्षांनी धुऊन निघतो. कौन्सिलाचे परिपत्रक म्हणते की, सिद्ध न झालेला आरोप, किंबहुना खोटा ठरलेला आरोपही, कळविल्यावाचून व निर्णय आल्यावाचून पदवी हाती पडावयाची नाही. म्हणजे चोरी करून तुरुंगात जाऊन आलेला इसम दोन वर्षांनंतर कायद्याच्या बळावर दारातून आत जाऊ शकतो. आणि चोरी न केलेला, न्यायालयाने तसे जाहीर केलेला तरुण दाराबाहेर निर्णयाची वाट पाहत तिष्ठतो! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार नव्हे तर काय? आणि तोही कायदा शिकविणाऱ्यांच्या व कायद्याचे पालन करविणाऱ्यांच्या हातून!

'चांगल्या वर्तणुकी'ची हमी मागण्याची ही हौस नवी नाही. तिचा इतिहास आमच्या जिल्ह्याला तरी विसरता येणार नाही. १९१६ सालच्या ३१ मे रोजी व १ जून रोजी लोकमान्य टिळकांनी नगर येथे स्वराज्यावर दोन व्याख्याने दिली. त्याच्या महिनाभर आधी बेळगावला एक दिले होते. या तीन व्याख्यानांच्या आधारे पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडे काय मागावे? वर्षभर चांगल्या वर्तणुकीने राहण्याबद्दल स्वतःचा वीस हजारांचा मुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन! साठीला आलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, साऱ्या देशाने वंदनीय मानलेल्या पुरुषाला सरकारदरबारी 'वर्तणूक चांगली ठेवीन' असे लिहून द्यावयास सांगितले गेले. बॅरिस्टर जिना यांनी हायकोर्टात बाजू मांडली, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द झाला. पण तेवढे महिने तरी कायद्याच्या भाषेत टिळकांची 'वर्तणूक' संशयित होती. नगरच्या ज्या श्रोत्यांनी ती व्याख्याने ऐकली, त्यांना टिळकांच्या शीलाची परीक्षा करण्यासाठी मॅजिस्ट्रेटच्या कागदाची गरज पडली नाही.

वकिलीच्या दारावरील पहाऱ्याची उदाहरणे तर याहून नेमकी आहेत. १९०९ साली विनायक दामोदर सावरकर बॅरिस्टरीच्या परीक्षा उतरले होते; तरीही त्यांच्या राजकीय हालचालींकडे बोट दाखवून ग्रेज इनच्या चालकांनी त्यांस बॅरिस्टर करून घेण्याचे नाकारले. सावरकरांची मते कोणास पटोत वा न पटोत. त्यांच्या कायद्याच्या ज्ञानात उणीव सापडली नव्हती, एवढे खरे. ज्या ग्रेज इनने पुढे डॉ. आंबेडकरांस बॅरिस्टर केले, तीच ही संस्था. तेव्हा ती मुळातच अनुदार होती असेही म्हणवत नाही. १९२२ च्या मार्च महिन्यात राजद्रोहाबद्दल गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इनर टेंपलने त्यांचे नाव आपल्या पटावरून खोडून टाकले. ते नाव पुन्हा पटावर आले १९८८ साली! सहासष्ट वर्षे एका संस्थेच्या दप्तरात गांधी हे वकिलीस नालायक इसम होते. विचार करा, टिळक, सावरकर आणि गांधी या तिघांचे एकमेकांशी किती पटत होते? फारच थोडे. परंतु दारावरील पहारेकऱ्यांच्या दृष्टीने तिघांचा दोष एकच होता: सरकारची मर्जी त्यांच्यावर नव्हती. शील मोजावयास म्हणून जो तराजू टांगला होता, त्यात मर्जी तोलली जात होती.

यावर कोणी म्हणेल, 'ते परक्यांचे राज्य होते. आज राज्य आपले आहे. त्या वेळच्या शिक्षा भूषणावह होत्या, आजच्या तशा नाहीत.' हा आक्षेप वरवर सबळ दिसतो. परंतु आपल्या राज्यातही फिर्याद लिहून घेणारा पोलीस ठाण्याचा अंमलदारच असतो, हे तो विसरतो. स्वराज्याचा व लोकसत्तेचा डांगोरा पिटणाऱ्या अमेरिकेचेच पाहा. न्यू मेक्सिको संस्थानात श्वेअर नावाच्या गृहस्थास वकिलीच्या परीक्षेस बसू देण्याचे १९५४ साली नाकारण्यात आले. कारणे तीन: तरुणपणी तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, काही वेळा त्याने दुसरे नाव धारण केले होते, आणि त्याला पूर्वी अटक झाली होती. अटक कशाबद्दल? त्यांपैकी एक १९३४ सालच्या संपाच्या धामधुमीत केवळ संशयावरून झालेली. तिच्याबद्दल त्याच्यावर खटला कधी उभाच राहिला नाही. नाव का बदलले? ज्यू असल्यामुळे काम मिळेना, म्हणून. १९५७ साली तेथील सुप्रीम कोर्टाने ही बंदी अन्यायाची ठरविली, आणि केवळ अटक झाली यावरून माणसाने काही वाईट केले असे सिद्ध होत नाही, हे तत्त्व मान्य केले. तेव्हा राज्य कोणाचे आहे, हा प्रश्न गौण होय. पुराव्यावाचून शीलाचा निकाल लावण्याचा अधिकार ज्याच्या हाती जाईल, तो स्वकीय असला तरी परक्यासारखाच वागेल.

आणि आमच्याकडील फिर्यादींचे स्वरूप तरी काय असते? उन्हाळ्यात धरणाचे आवर्तन लांबले, उसाच्या भावाची बोलणी फिसकटली, दुधाचा दर पडला की नगर-मनमाड रस्त्यावर माणसे येऊन बसतात. जमावबंदीचा हुकूम असतोच. मग पोलीस अधिनियमाच्या ३७ व १३५ या कलमांखाली पुढाऱ्याबरोबर पाठीमागे उभ्या असलेल्या पाचपन्नासांची नावे लिहिली जातात. कोणावर 'चॅप्टर केस' होते, कोणाला वर्षानुवर्षे तारखांना यावे लागते. राजकीय व सामाजिक आंदोलनांतील असले खटले मागे घेण्याचे निर्णय महाराष्ट्र शासन स्वतःच वेळोवेळी घेत आले आहे. जे खटले सरकारलाही चालविण्याच्या योग्यतेचे वाटत नाहीत, ते एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाच्या पदवीवर मात्र सावली धरून बसावेत, याला कोणत्या न्यायशास्त्राचा आधार आहे, हे आम्हांस कोणी समजावून सांगेल काय?

येथे 'आम्ही'चा आडोसा सोडून 'मी' म्हणणेच प्रामाणिकपणाचे होईल. कारण या दोषात मीही वाटेकरी आहे. महाविद्यालयात शिकविताना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वर्तणुकीचे शेकडो दाखले मी सहीनिशी दिले आहेत. त्यांतील मजकूर ठरलेला: 'माझ्या माहितीप्रमाणे यांची नैतिक वर्तणूक चांगली आहे.' वस्तुतः 'माझ्या माहितीप्रमाणे' या शब्दांचा खरा अर्थ 'मला काहीच माहीत नाही' असा असतो. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गातील मागच्या बाकावरच्या मुलाचे शील मला कसे कळावे? तरीही कागद पुढे येतात आणि सह्या होतात. काही वर्षांपूर्वी आमच्याच महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे कायद्याचे शिक्षण पुरे केलेला एक विद्यार्थी असाच दाखला मागावयास आला. सनदेच्या अर्जाबरोबर त्याला तो जोडावयाचा होता. तो वर्गात प्रश्न विचारणारा मुलगा असल्यामुळे मला चांगला आठवत होता. मी लेखणी उचलली तोच तो म्हणाला, "सर, एक सांगायचं राहिलं. पाण्याच्या रास्ता रोकोत माझ्यावर केस झाली आहे, अजून सुरू आहे." मी लेखणी खाली ठेविली. पोलीस ठाण्याचा काही कागद आणावा, मग पाहू, असे काहीसे बोललो. तो क्षणभर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "सर, मी हे सांगितलंच नसतं तर तुम्ही सही केली असती ना?"

त्याच दुपारी कारकुनाने आणून ठेविलेल्या गठ्ठ्यातील दुसऱ्या पाचसहा दाखल्यांवर मी सह्या केल्या. त्यांतील निम्म्या मुलांचे चेहरेही मला आठवत नव्हते. त्या विद्यार्थ्याला पुढे राहुरीतल्या एका वृद्ध वकिलांनी दाखला दिला असे मागाहून कळले. आज तो येथील न्यायालयात उभा राहतो. रस्त्यात भेट झाली म्हणजे वाकून नमस्कार करतो, आणि त्या नमस्काराने मला प्रत्येक वेळी शरमल्यासारखे होते. कारण त्या दिवशी माझ्या खोलीत शीलाची परीक्षा झाली खरी. तीत तो उतरला, आणि परीक्षक नापास झाला. सत्य बोलणाऱ्यास अडविणारी व गप्प बसणाऱ्यास पुढे सोडणारी पद्धती शीलाचे रक्षण करते, असे म्हणण्याची माझी तरी त्यानंतर छाती होत नाही. स्वतःच्या दोषाची कबुली मागणाऱ्या प्रत्येक छापील अर्जाची गत हीच आहे. लबाड माणूस 'नाही' असे लिहितो आणि सुखाने पुढे जातो. अडकतो तो खरे लिहिणारा.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत जोरकस उदाहरण घेऊ. २०२३ च्या डिसेंबरात अलाहाबाद हायकोर्टापुढे अशी तक्रार आली की, चौदा खटले नावावर असलेल्या, आणि त्यांपैकी चारांत शिक्षा झालेल्या एका माणसाने ते दडवून सनद मिळविली. न्यायालयास याचा धक्का बसला, आणि पासपोर्टासाठी होते तशी पोलिसांमार्फत चौकशी सनदेपूर्वी व्हावी, असे त्याने फर्माविले. 'पाहा, आता तरी बोला!' असे आमचे मित्र म्हणतील. आम्ही बोलतो ते इतकेच की, या माणसाला अडविण्यास नवा नियम लागतच नव्हता. चार खटल्यांत शिक्षा झाल्याची तक्रार होती, म्हणजे '२४-अ' कलमाखाली त्याचा अर्ज तपासणे प्राप्तच होते. कमी पडली ती न्यायालयांची दप्तरे पाहण्याची तसदी. शिक्षा ही न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेली, कोणासही पडताळून पाहता येणारी गोष्ट आहे. ती जरूर पडताळावी. पदवी खरी की बनावट, हीही तशीच गोष्ट आहे. २०२३ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टाने वकिलांच्या पदव्यांची पडताळणी करविण्यासाठी समिती नेमली, ते योग्यच झाले. आमचा विरोध पडताळणीला नाही. पडताळता न येणाऱ्या गोष्टीवर पडताळणीचा शिक्का मारण्याला आहे. निकाल हा पुरावा होय. फिर्याद हा आरोप होय. आणि 'वर्तणूक चांगली' हा नुसता अभिप्राय होय. या तिघांना एका दावणीला बांधल्याने कायद्याची इभ्रत वाढत नाही.

शील ही वस्तू मुळी प्रसंगावाचून दिसतच नाही. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आजही घराघरांतून घेतले जाते, ते न्यायाधीशाच्या आसनावर बसताना त्यांनी कोणता दाखला दाखविला म्हणून नव्हे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि सत्ता हाती असलेल्या राघोबादादांना दोषी म्हणण्याची वेळ आली, तेव्हा ते शील जगाला दिसले. वकिलाच्या आयुष्यातही असे प्रसंग येतात, पण ते सनद मिळाल्यानंतर येतात. अशिलाचे पैसे आपल्या खात्यात पडून असतात तेव्हा, समोरचा पक्ष पाकीट पुढे सरकवितो तेव्हा, साक्षीदाराला 'पढविण्या'ची विनंती होते तेव्हा, विधवेची जमीन कवडीमोलाने कोणा ओळखीच्याच्या घशात घालता येण्यासारखी असते तेव्हा! चोवीस वर्षांच्या, ज्याच्या हाती अजून कोणाचा रुपयाही आलेला नाही, अशा मुलाच्या शीलाचा निकाल दारात लावावयाचा, आणि प्रत्यक्ष प्रसंगाच्या वेळी मात्र डोळे मिटून घ्यावयाचे, ही आजची रीत आहे.

आणि डोळे कसे मिटले जातात, याचा दाखला मुंबईचाच आहे. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहून येणाऱ्या अशिलांवर अक्षरशः तुटून पडतात, कागद हिसकावून घेतात, त्यापायी आपसांत झोंबाझोंबी करतात, अशी तक्रार १९६४ साली हायकोर्टाकडून महाराष्ट्राच्या बार कौन्सिलाकडे गेली. चौकशी झाली, राज्याच्या शिस्त समितीने दोषी वकिलांना तीन वर्षे वकिलीस बंदी केली. प्रकरण दिल्लीस, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीकडे गेले, आणि तिने सर्वांना मुक्त केले! राज्याचे कौन्सिल सुप्रीम कोर्टात गेले. तेथे प्रथम वाद कशावर? राज्याच्या कौन्सिलास अपील करण्याचा अधिकार आहे काय, यावर. तो सात न्यायाधीशांपुढे निकालात निघाला, आणि मग १९७५ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून निकाल आला की, असले वर्तन धंद्याला काळिमा लावणारेच आहे. भर दिवसा, न्यायालयाच्या दारात, न्यायाधीशांच्या नाकासमोर घडलेल्या गोष्टीला 'अयोग्य' म्हणावयास अकरा वर्षे लागली! वरातीमागून घोडे म्हणतात ते याहून निराळे काय असते? ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नये. शिस्तीच्या तक्रारीचा निकाल राज्याच्या समितीने एका वर्षात लावावा, न लागल्यास ती दिल्लीकडे जावी, असे कायद्याचे '३६-ब' कलम सांगते. आणि या मुदतीची आठवण सुप्रीम कोर्टाला पुन्हा २०२१ साली करून द्यावी लागली.

दारावर पहारा करणाऱ्यांच्या स्वतःच्या वर्तणुकीविषयीही एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. सनदेची फी कायद्याने ठरविली आहे: सर्वसाधारण अर्जदारास ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारास १२५ रुपये. प्रत्यक्षात निरनिराळ्या राज्यांतील कौन्सिले पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत रकमा घेत होती, आणि ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने हे बेकायदेशीर ठरविले. त्यानंतर दोन महिने होतात न होतात तोच विद्यार्थ्यांच्या शीलाच्या तपासणीचे परिपत्रक निघते! ज्यांना आपल्या कायद्यातले ७५० रुपये वर्षानुवर्षे वाचता आले नाहीत, त्यांनी ऊसतोडणी कामगाराच्या मुलाची वर्तणूक वाचावयास बसावे, यातील विनोद समजण्यास कायद्याची पदवी लागत नाही.

राहुरीत राहून या विषयावर लिहिताना एका दुःखद घटनेचा उल्लेख टाळता येत नाही. २०२४ सालच्या जानेवारीत येथील न्यायालयात वकिली करणाऱ्या एका दांपत्याचे अपहरण होऊन खून झाला. त्या गुन्ह्याविषयी येथे काही लिहावयाचे नाही; ते काम न्यायालयाचे. परंतु त्यानंतर ठिकठिकाणच्या वकिलांनी काम बंद ठेवून संरक्षणाच्या कायद्याची मागणी केली, आणि ती रास्त होती. जो माणूस दुसऱ्याच्या वतीने बोलतो, त्याला बोलण्याबद्दल प्राणभय असेल तर न्यायालयाचे दार उघडे असून नसल्यासारखेच. आमचे म्हणणे इतकेच की, संरक्षण आणि शिस्त या जुळ्या बहिणी आहेत. समाज आपल्या पाठीशी उभा राहावा असे ज्या धंद्यास वाटते, त्याने आपल्यातील लबाडांना पाठीशी घालता कामा नये. राहुरीच्या बाजारातला माणूस त्या दिवसांत वकिलांसाठी हळहळला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ती हळहळ हेच धंद्याचे खरे भांडवल होय.

केवळ दोष दाखवून थांबणे हे टीकाकाराला शोभत नाही. म्हणून काय करावे तेही थोडक्यात सांगतो. दारात दोनच गोष्टी पाहाव्या: पदवी खरी आहे काय, आणि '२४-अ' कलमात बसणारी शिक्षा झाली आहे काय. दोन्ही मूळ दप्तरांवरून पाहाव्या, अर्जदाराच्या तोंडून किंवा प्राध्यापकाच्या सहीवरून नव्हे. वर्तणुकीचे दाखले बंद करावेत. ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही खोटे बोलावयास शिकवितात. चालू खटला व निर्दोष सुटका यांच्यावरून पदवी अडविणे तर तत्काळ सोडून द्यावे. दार असे मोकळे केल्यावर सारी कडकपणाची शक्ती आत लावावी. तक्रारीस वर्षाची मुदत पाळावी. शिस्त समित्यांत आज केवळ वकीलच बसतात. त्यांच्याबरोबर धंद्याबाहेरची माणसेही असावीत. इंग्लंडात २००७ च्या कायद्यानंतर वकिलांच्या वर्तनाची देखरेख धंद्याच्या संघटनेपासून निराळी काढून तीत सामान्य नागरिकांना जागा दिली गेली. आम्ही त्यांच्या झग्याचे व टायचे अनुकरण केले, मग याचे का करू नये? समितीचे निकाल मराठीत, त्या त्या तालुक्याच्या न्यायालयाच्या फलकावर लागावेत. आणि अशिलाने दिलेल्या प्रत्येक रुपयाची व प्रत्येक मूळ कागदाची पावती त्याला मिळणे सक्तीचे व्हावे. या शेवटच्या एका नियमाने जेवढी लबाडी थांबेल, तेवढी हजार दाखल्यांनी थांबणार नाही.

'मग गुन्हेगार आत आले तर?' असे अखेरचे विचारणे उरते. येतील, थोडे येतील. आजच्या पहाऱ्यातूनही ते येतच आहेत. फरक इतकाच की, आज आत आल्यावर त्यांना कोणी विचारीत नाही. उलट दारावर अडविलेला एखादा सच्चा मुलगा परत फिरला, तर त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, आणि कोणत्याही न्यायालयात त्याच्याबद्दल अपील होत नाही. न्यायशास्त्रात जो आरोपी म्हणून उभा राहतो त्याला संशयाचा फायदा द्यावा, असे आपण मुलांना पहिल्याच वर्षी शिकवितो. जो वकील म्हणून उभा राहू पाहतो, त्याच्या वाट्यास मात्र संशयाचा तोटाच का यावा?

माझ्या खोलीत त्या दिवशी विचारला गेलेला प्रश्न अद्याप तसाच आहे. त्याचे उत्तर त्या मुलाला मी दिले नाही; ते येथे देतो. होय, त्याने सांगितले नसते तर मी सही केली असती. ज्या पद्धतीत हे उत्तर खरे ठरते, ती मोडून टाकण्यात शीलाचे काहीही नुकसान नाही.